फलनक्षम दिवसांची मोजणी

पाळीच्या एका चक्रात ज्या दिवसांत संबंध आल्यास गर्भ राहू शकतो, ते दिवस ओळखण्याची रीत. या दिवसांना कोणी ‘सुपीक दिवस’ म्हणते, दवाखान्यात ‘फर्टाइल पिरियड’ म्हणतात आणि उरलेल्या दिवसांना सर्रास ‘सेफ पिरियड’. मूल हवे असो की नको, मोजणी तीच.

स्त्रीबीज अंडाशयातून सुटले की जेमतेम 12 ते 24 तास टिकते. पुरुषबीज मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकते. म्हणून बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस मिळून सहा दिवस खरे कामाचे. अमेरिकेत विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी 221 स्त्रियांच्या नोंदी तपासून 1995 मध्ये हाच सहा दिवसांचा काळ दाखवून दिला. बीज सुटल्याची खात्री पटल्यावर केलेल्या घाईचा, त्यामुळे, फारसा उपयोग नसतो.

मोजणीतली खरी मेख अशी की हे दिवस पुढच्या पाळीपासून मागे मोजायचे असतात, आणि पुढची पाळी तर अजून आलेली नसते. जपानचे क्यूसाकू ओगिनो यांनी 1924 मध्ये मांडले की बीज पुढच्या पाळीच्या 12 ते 16 दिवस आधी सुटते. ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस त्याच दशकात स्वतंत्रपणे जवळपास तिथेच पोचले. चक्र लांबते किंवा आखडते ते मुख्यतः बीज सुटण्याआधीच्या भागात. ‘चौदावा दिवस’ हे सगळ्यांच्या तोंडी बसलेले उत्तर त्यामुळे 28 दिवसांच्या चक्रापुरतेच खरे. चक्र 35 दिवसांचे असेल तर बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटते, आणि चौदाव्या दिवसावर भरवसा ठेवणारी बाई आठवडाभर आधीच थांबलेली असते.

कॅलेंडरची रीत ही अडचण अंदाजाने सोडवते. निदान सहा चक्रांच्या लांबीची नोंद ठेवायची. सर्वांत लहान चक्रातून 18 आणि सर्वांत मोठ्या चक्रातून 11 वजा करायचे. चक्रे 27, 29, 28, 31, 26 आणि 30 दिवसांची असतील तर 26 वजा 18 म्हणजे आठवा दिवस, 31 वजा 11 म्हणजे विसावा. पाळी 3 जूनला आली असेल तर 10 ते 22 जून हा काळ फलनक्षम धरायचा. सहा दिवस पकडायला तेरा दिवस राखून ठेवावे लागतात, ते असे.

या हिशेबात चुकते ते वजाबाकीत क्वचितच; चुकतो तो पहिला दिवस. रक्तस्राव सुरू झाला तो दिवस पहिला. पण पाळी म्हणजे चार दिवस लांब बसणे, ही सवय ज्या घरांत मुरली आहे तिथे डोक्यावरून पाणी घेतले त्या दिवसापासून मोजणे सहज घडते, आणि सगळा हिशेब चार दिवस पुढे सरकतो. वडोदऱ्याच्या मराठी घरांत यात भाषाही भर घालते. गुजरातीत पाळीला ‘अटकाव’ म्हणतात. पुण्याहून लग्न होऊन तिथल्या दांडिया बाजार भागात आलेल्या मुलीला कोणी विचारले, “अटकाव क्यारे आव्यो?”, की मराठी कानाला ते ‘थांबली कधी?’ असे लागते, आणि ती स्राव थांबल्याची तारीख सांगून मोकळी होते. विचारणाऱ्याला हवी असते सुरुवातीची.

नोंद कशावर ठेवायची, हेही दिसते तितके किरकोळ नाही. स्वयंपाकघरातल्या ‘कालनिर्णय’वर तारखेभोवती बारीक फुली मारायची पद्धत जुनी आणि चांगली: वर्षभराच्या फुल्या एकाच ठिकाणी राहतात, दुधाच्या खाड्यांशेजारी कोणाच्या डोळ्यांतही येत नाहीत. गुजराती शेजारात दिसणारा डट्टा, म्हणजे रोज एक पान फाडायचे कॅलेंडर, इथे अगदी कुचकामी. काल केलेली खूण आज कचऱ्यात जाते.

गणपतीत, गौरीला किंवा नवरात्रात अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या जातात. वडोदऱ्यात तर गरब्याच्या नऊ रात्री आणि घरचा घट एकाच वेळी असतात. गोळ्या बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी येणारा स्राव गोळ्यांच्या वेळापत्रकाने आलेला असतो. त्या चक्राचा आकडा वर सांगितलेल्या सहांत धरू नये. एक खोटे 40 दिवसांचे चक्र सगळी वजाबाकी बिघडवते.

जुन्या ग्रंथांना हा विषय ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत ऋतुकाल बारा रात्रींचा सांगितला आहे, आणि दिवस मावळल्यावर कमळ मिटते तशी ऋतू सरल्यावर योनी मिटते, अशी उपमाही आहे. मनुस्मृती सोळा रात्री देते, पहिल्या चार वर्ज्य धरून. ही मोजणी पुढच्या दिशेने आहे, कारणही वेगळे दिले आहे. तरी नियमित चक्राचे खरे दिवस तिच्या आत पडतात, हे मान्य करायला हवे. सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी या पुढच्या भागाला मात्र कसलाही आधार नाही. लिंग ठरते ते पुरुषबीजातल्या गुणसूत्रावर, तारखेवर नाही.

मोजण्यापेक्षा पाहणे अनेकदा अधिक भरवशाचे. बीज सुटायच्या आधी योनीतला स्राव पातळ, पारदर्शक, अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा होतो. ऑस्ट्रेलियातल्या बिलिंग्ज दांपत्याने यावरूनच आपली पद्धत बसवली. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी घेतलेले तापमान बीज सुटल्यावर साधारण 0.2 ते 0.5 अंश सेल्सियसने चढते, म्हणजे ते सांगते ते घडून गेल्यावर. मेडिकलमध्ये मिळणारी लघवीची पट्टी आधी सांगते: तिच्यावर बीज सुटायला लावणाऱ्या एलएच संप्रेरकाची उसळी दिसली की पुढच्या दीड दिवसात बहुधा बीज सुटते. वंध्यत्वाच्या दवाखान्यात नवव्या-दहाव्या दिवसापासून दिवसाआड सोनोग्राफी करून बीजकोष वाढताना पाहतात.

ज्यांचे चक्र नेहमी 26 ते 32 दिवसांत बसते त्यांच्यासाठी आठवा ते एकोणिसावा दिवस असा ठरावीक नियम आहे. त्यासाठी 32 मण्यांची माळ असते, भारतात ती ‘माला चक्र’ नावाने आली. लाल मण्यापासून रोज एक मणी पुढे सरकायचे, पांढऱ्या मण्यांच्या दिवशी, म्हणजे याच आठ ते एकोणीस दिवसांत, मूल नको असेल तर संबंध टाळायचे. नियम काटेकोर पाळला तरी वर्षाला शंभरातल्या सुमारे पाच जणींना गर्भ राहतो. नेहमीच्या ढिलाईने बारा जणींना. मूल नकोच असेल तर तांबी किंवा गोळ्या यांच्याशी या मोजणीची बरोबरी होत नाही.

पीसीओएस (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार) असणाऱ्या, चाळिशी ओलांडल्यावर पाळी मागेपुढे होऊ लागलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना कॅलेंडर लागू पडत नाही. बाळंतपणानंतर पहिले बीज पहिल्या पाळीच्या आधीच सुटू शकते, म्हणून पाळी सुरू न होताच पुन्हा दिवस राहू शकतात. मूल हवे असणाऱ्यांनी तारखांचा धोसरा न धरता दिवसाआड संबंध ठेवले तरी ते सहा दिवस आपोआप सापडतात. वर्षभरात, आणि वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांत, गर्भ राहिला नाही तर दोघांचीही तपासणी करतात. नवऱ्याची तपासणी सोपी आणि स्वस्त, तरी बहुतेक घरांत ती मागाहून होते.