काळा दगड, तांबडा दगड आणि हवेतला कार्बन

एप्रिल २०२५ मध्ये एक बातमी आली, पण मराठी वाचकांत तिची फारशी चर्चा झाली नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून घेण्याचे मार्ग शोधणाऱ्यांसाठी 'एक्सप्राइझ' नावाची जागतिक स्पर्धा होती. तिचं ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस शंतनू अगरवाल यांच्या 'माटी कार्बन' या कंपनीला मिळालं. या कंपनीचं काम प्रामुख्याने छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांच्या जमिनीवर चालतं आणि त्यात अवाढव्य यंत्रं कुठेच नाहीत. बसाल्ट खडकाची बारीक भुकटी शेतात पसरायची आणि पुढचं काम पावसावर सोडायचं. तिकडे दार्जिलिंगमध्ये श्रेय आणि स्पर्श अगरवाल या भावंडांची 'ऑल्ट कार्बन' ही कंपनी हेच करते. त्यांचा बसाल्ट राजमहालच्या टेकड्यांमधला.

बसाल्ट म्हणजे आपला काळवत्री. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून सह्याद्री उभा राहिला, तो याच दगडाचा. घाटाखालच्या क्रशरवर जी खडी फुटते तीही याचीच, आणि खडी फोडताना जी भुकटी पडते तिचे ढीग तिथेच साठलेले असतात. त्यामुळे बातमी वाचल्यावर कोकणातल्या माणसाच्या मनात साहजिकच येतं की हे आपल्याकडे का नको? काही जण आणखी पुढे जाऊन विचारतात, क्रशरपर्यंत तरी कशाला जायचं, सड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या खडकाळ पठारावर, जांभा हा तांबडा दगड हवा तेवढा पडलाय, तोच दळून टाकला तर?

जांभ्याचा काहीही उपयोग होणार नाही. तो का होणार नाही, हे समजलं की हे सगळं तंत्र समजतं, म्हणून आधी जांभ्याकडे वळतो.

पावसाचा थेंब खाली येताना हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो. त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, सोड्याच्या बाटलीत असतं तेच. म्हणून अगदी स्वच्छ पावसाच्या पाण्याचाही सामू (पीएच; ७ च्या जितका खाली तितकं पाणी आम्लधर्मी) ७ नसतो, ५.६ च्या आसपास असतो. हे पाणी मातीत मुरलं की त्याला आणखी कार्बन डायऑक्साइड मिळतो, कारण मुळं आणि जिवाणू श्वसन करतात आणि मातीच्या पोकळ्यांमधल्या हवेत या वायूचं प्रमाण बाहेरच्या हवेच्या दहापट ते शंभरपट असू शकतं. असं आम्लधर्मी पाणी बसाल्टला लागलं की त्याच्यातले हायड्रोजन आयन खनिजाच्या जाळीत शिरतात आणि तिथले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम बाहेर पडतात. हायड्रोजन गमावलेल्या कार्बोनिक आम्लाचा बायकार्बोनेट झालेला असतो. हा बायकार्बोनेट म्हणजे पाण्यात विरघळलेल्या रूपात अडकलेला कार्बन डायऑक्साइड. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या प्रत्येक आयनाला जोडीदार म्हणून असे दोन बायकार्बोनेट लागतात. ही सगळी मंडळी ओढ्यातून नदीत, नदीतून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जातात. समुद्रात हा कार्बन लाखभर वर्षांच्या पातळीवर टिकतो.

हा नुसता कागदावरचा हिशेब वाटत असेल तर देशावरच्या विहिरींचं पाणी आठवा. ते जड असतं, साबणाला फेस येत नाही, भांड्यात पांढरी पुटं धरतात. तो जडपणा बराचसा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेटचा असतो. पाणी उकळताना बायकार्बोनेट मोडतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पुटं मागे राहतात. आता कोकणात सड्यावरच्या जांभ्यात खणलेल्या विहिरीचं पाणी घ्या. ते हलकं असतं, साबणाला भरपूर फेस येतो. त्या पाण्यात कॅल्शियम फारसं नाही, कारण त्या दगडातच कॅल्शियम फारसं उरलेलं नाही.

जांभा हा आपलं काम संपवून बसलेला बसाल्ट आहे. ताज्या बसाल्टमध्ये वजनाने साधारण १० टक्के कॅल्शियम ऑक्साइड आणि ६ टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम ऑक्साइड असतं. कोकणचा धो धो पाऊस आणि उष्ण हवा यांनी लक्षावधी वर्षं धुऊन ते दोन्ही जवळजवळ पूर्ण काढून नेलं, सिलिकाही बरीचशी नेली. मागे राहिले न विरघळणारे लोखंड आणि अॅल्युमिनियम यांचे ऑक्साइड. जांभ्याच्या चिऱ्याचा तांबडा रंग त्या लोखंडाचा. घराच्या पायाला चिरा लावताना आपण वापरतो तो असा दगड आहे, ज्याने हवेतला कार्बन आधीच पुरेपूर घेऊन समुद्राला देऊन टाकलाय. त्याला दळलं काय आणि शेतात पसरलं काय, द्यायला त्याच्याकडे काही शिल्लक नाही.

किती घेतला, हे मोजताही येतं. कॅल्शियम ऑक्साइडचा रेणुभार ५६, मॅग्नेशियम ऑक्साइडचा ४० आणि कार्बन डायऑक्साइडचा ४४. प्रत्येक आयनामागे दोन रेणू, म्हणजे ८८. एक टन बसाल्टमधल्या १०० किलो कॅल्शियम ऑक्साइडमागे १५७ किलो आणि ६० किलो मॅग्नेशियम ऑक्साइडमागे १३२ किलो कार्बन डायऑक्साइड. एकूण सुमारे २९० किलो. आता एक चौरस मीटर रुंद आणि १० मीटर खोल असा काळवत्रीचा खांब डोळ्यांसमोर आणा. त्याचं वजन २९ टन. तो सगळा जांभ्यात बदलला तर वाटेत ८ टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड पकडला जातो. भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड इंधनांतून बाहेर पडतो, म्हणजे एका चौरस मीटर सड्याखाली चार माणसांचं वर्षभराचं उत्सर्जन जिरलेलं आहे. (निसर्गात यातलं काही काम कुजणाऱ्या पाल्याची सेंद्रिय आम्लंही करतात, आणि पुढे समुद्रात शिंपल्यांचा चुना बनताना निम्मा वायू परत सुटतो. ही वजावट करूनही आकडा लहान होत नाही.)

पृथ्वीचं हवामान कोट्यवधी वर्षं राहण्याजोगं टिकलं त्यात या प्रक्रियेचा मोठा हात आहे. हॅरोल्ड यूरी यांनी १९५२ मध्ये तिचं रसायन मांडलं. १९८१ मध्ये वॉकर, हेज आणि कास्टिंग यांनी दाखवलं की ती स्वतःला आवरते: हवा तापली की पाऊस आणि खडकांचं विदारण, म्हणजे झिजून विरघळणं, वाढतं, कार्बन डायऑक्साइड कमी होतो, हवा पुन्हा निवते. बसाल्ट यात सगळ्यांत चपळ. जगातल्या जमिनीचा ५ टक्क्यांहून कमी भाग त्याने व्यापलाय, पण खडकांच्या अशा विदारणातून शोषल्या जाणाऱ्या वायूत त्याचा वाटा ३० टक्क्यांच्या घरात आहे, असा सेलीन देसेर आणि सहकाऱ्यांचा २००३ मधला अंदाज. आपल्या बसाल्टचा अभ्यास अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या अनिर्बन दास, एस. कृष्णस्वामी आणि सहकाऱ्यांनी केला. कृष्णेच्या खोऱ्यातलं आणि पश्चिम घाटातल्या ओढ्यानद्यांचं पाणी तपासून दगड किती वेगाने विरघळतोय हे त्यांनी २००५ मध्ये मांडलं.

अडचण आहे ती वेगाची. ही नैसर्गिक प्रक्रिया वर्षाला सुमारे १ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड घेते आणि आपण इंधनं जाळून ३७ अब्ज टनांच्या आसपास सोडतो. १९९० मध्ये वॉल्टर सायफ्रिट्झ यांनी सिलिकेट खडकांकडून हे काम मुद्दाम करून घेण्याची कल्पना मांडली, नंतर नेदरलँड्समधले ओलाफ स्काइलिंग ऑलिव्हीन या खनिजासाठी तिचा पाठपुरावा करत राहिले, आणि इंग्लंडमधल्या शेफील्डच्या डेव्हिड बीअरलिंग यांच्या गटाने ती शेतात आणली. युक्ती साधी आहे, दगड दळायचा. १० सेंटिमीटर बाजूच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग ६०० चौरस सेंटिमीटर असतो. त्याचेच ०.१ मिलिमीटरचे कण केले तर ६० चौरस मीटर, म्हणजे हजारपट. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये मका-सोयाबीनवर चार वर्षं चाललेल्या बीअरलिंग यांच्या गटाच्या प्रयोगात पीकही १२ ते १६ टक्के वाढलं. दळायला आणि वाहून न्यायला ऊर्जा लागतेच, पण क्रशर जवळ असेल तर ती टनामागे पकडलेल्या २९० किलोंचा लहानसा हिस्सा खाते. दगड शेकडो किलोमीटरवरून आणायचा असेल तर मात्र हिशेब बिघडत जातो.

आता कोकणच्या मातीकडे वळू. ती आम्लधर्मी आहे, सामू बऱ्याच ठिकाणी ५ ते ६. भुकटी अशा मातीत लवकर विरघळते हे खरं. पण विरघळणं म्हणजे कार्बन पकडणं नव्हे, आणि जाहिरातींमध्ये नेमकी हीच गल्लत होते. बायकार्बोनेट किती टिकणार हे सामू ठरवतो. ६.३५ या सामूला निम्मा कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात असतो आणि निम्मा विरघळलेल्या वायूच्या. सामू एकाने उतरून ५.३५ झाला की बायकार्बोनेट ११ भागांत जेमतेम १ भाग उरतो, बाकीचा वायू होऊन परत हवेत. तोच सामू ७.३५ असेल तर ११ पैकी १० भाग सुरक्षित. आम्लधर्मी मातीत दगडाला झिजवणारे हायड्रोजन आयन बरेचदा कार्बोनिक आम्लातून आलेलेच नसतात. ते मातीच्या कणांना चिकटलेल्या अॅल्युमिनियममुळे किंवा युरियाचं नायट्रेट होताना तयार झालेले असतात. दगड झिजला, माती सुधारली, पण हवेतला कार्बन जागच्या जागीच राहिला असं होऊ शकतं. याचं मोजमाप कसं धरायचं, यावर संशोधकांत अजून वाद आहे.

म्हणून आंब्याच्या बागेत, उतारावरच्या तांबड्या मातीत ही भुकटी टाकून कार्बन पकडल्याचा दावा कोणी केला तर मी पटकन विश्वास ठेवणार नाही. भातखाचराची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि मला यातलं सगळ्यांत सुंदर रसायन तिथेच दिसतं. चिखलणी होऊन खाचरात पाणी उभं राहिलं की मातीतला प्राणवायू काही दिवसांत संपतो. मग जिवाणू श्वसनासाठी लोखंडाच्या ऑक्साइडकडे वळतात, आणि तांबड्या मातीत ते मुबलक असतं. लोखंड या रूपातून विरघळणाऱ्या रूपात जाताना हायड्रोजन आयन खर्ची पडतात. त्यामुळे पाण्याखालच्या आम्लधर्मी मातीचा सामू आपोआप वर चढतो आणि ६.५ ते ७ च्या दिशेने सरकतो. कार्बन डायऑक्साइड चिखलात कोंडलेला, सामू चढलेला, युरियाचं नायट्रेट होणं मंदावलेलं आणि हवा उष्ण: बायकार्बोनेट बनायला आणि टिकायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. शिवाय भात हे सिलिका भरपूर उचलणारं पीक आहे. बसाल्टमधून सुटणाऱ्या सिलिकाने त्याची पात आणि खोड कणखर होतात, करपा आणि खोडकिडीला तोंड द्यायला मदत होते. पाणी उभं राहिलेल्या खाचरातून मिथेन सुटतो हे विसरून चालणार नाही, पण कोकणात पावसाळ्यात ते पाणी तसंही उभं राहतंच.

पकडलेला कार्बन मोजायचा कसा, हा प्रश्न कोकणात आणखी चिवट होतो. सध्याच्या एका चांगल्या पद्धतीत टायटेनियमचा आधार घेतात. भुकटीसोबत आलेलं टायटेनियम विरघळत नाही, कॅल्शियम विरघळून जातं. काही महिन्यांनी मातीत दोन्ही मोजले की टायटेनियमवरून किती भुकटी पडली ते कळतं आणि कॅल्शियमच्या तुटीवरून किती झिजली ते. ज्या मातीत मुळात टायटेनियम कमी असतं तिथे हे छान जमतं. आपली माती बसाल्टच कुजून झालेली, आणि बाकी सगळं धुऊन गेल्यामुळे तिच्यात टायटेनियम साठत आलेलं. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या पुळणीवरची काळी वाळू बघा, ती टायटेनियमचं खनिज असलेल्या इल्मेनाइटची. गुंठ्याला २०० किलो भुकटी टाकली तरी वरच्या वीतभर मातीत ती १ टक्क्याच्या आतच भरते, आणि तिचं टायटेनियम आधीच्या साठ्यात ओळखूच येत नाही. कोकणात त्यामुळे माती मोजून भागणार नाही, खाचरातून बाहेर पडणारं पाणी मोजावं लागेल.

मोबाइलवर अजून फिरतं की पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतो, तुळस चोवीस तास हवा शुद्ध करते. प्रकाशाशिवाय कुठलीही वनस्पती प्राणवायू सोडत नाही, रात्री तीही आपल्यासारखीच श्वसनासाठी प्राणवायू वापरते. उद्या याच धर्तीवर कोणी 'ऊर्जायुक्त खडक चूर्ण' पिशवीत भरून शेतकऱ्याच्या दारात आला, किंवा कार्बन क्रेडिटचे, म्हणजे कार्बन पकडल्याबद्दल मिळणारे, पैसे दाखवून सातबारा मागू लागला, तर त्याला दोन गोष्टी विचाराव्यात: भुकटीत निकेल आणि क्रोमियम किती आहे, आणि खाचराच्या पाण्यातलं बायकार्बोनेट कोण मोजणार. ऑलिव्हीनमध्ये निकेल बरंच असतं, बसाल्टमध्ये कमी, पण खाणीगणिक फरक पडतो आणि तांदूळ आपण रोज खातो. भुकटी पसरणाऱ्याच्या फुप्फुसाचाही विचार हवा. ती कोरडी उधळायची नाही, ओली करून टाकायची.

दापोलीला डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे, तिथे भातावर पिढ्यान्‌पिढ्या काम झालंय. दोन शेजारची खाचरं, एकात भुकटी आणि एकात नाही, लावणीपासून कापणीपर्यंत दर आठवड्याला बांधाच्या मोरीतून निघणाऱ्या पाण्याचे नमुने, आणि सलग चार-पाच पावसाळे: असा प्रयोग कोकणातल्या मातीवर, कोकणातल्या दगडाने व्हायला हवा. नमुन्यातलं बायकार्बोनेट मोजायला मोठी उपकरणं लागत नाहीत. मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून विरल आम्ल सोडत पिवळा रंग नारिंगी कधी होतो ते बघायचं. असं अनुमापन आपल्याकडे अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत दरवर्षी होतं.