सीसी मोजायची की हवा?

“टर्बोची गाडी घेऊ नको बाप्पा, दोन वर्सांत इंजिन बसते!” हा सल्ला आमच्या यवतमाळकडे कोणत्याही पानठेल्यावर फुकटात मिळतो. गंमत म्हणजे सल्ला देणारा भाऊ बहुधा स्वतःच्या बोलेरोला टेकून उभा असतो आणि तिच्या बॉनेटखाली टर्बोच, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्रच, असतो. हल्ली विकली जाणारी डिझेल गाडी बिनटर्बोची मिळतच नाही म्हटलं तरी चालेल. लोकांना धास्ती आहे ती पेट्रोल टर्बोची. ती अगदीच खोटी नाही, पण तिचं खरं कारण ठेल्यावर कोणी सांगत नाही.

टर्बोची गाडी घ्यावी की नको, हा प्रश्न हल्ली वारंवार कानावर येतो, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि गावागावांत गाडीची बोलणी सुरू झाली. आपल्याकडच्या माणसाला गाडी हवी असते ती लांब डिक्कीची. घरची सहा माणसं लग्नाला न्यायची आणि दुसऱ्या दिवशी तीच सीट पाडून ढेपेची नाहीतर बियाण्याची पोती टाकायची. परदेशात अशा गाडीला स्टेशन वॅगन म्हणतात. आपल्याकडेही टाटांनी १९९२ मध्ये इस्टेट आणि २००४ मध्ये इंडिगो मरीना आणून पाहिली, पण गिऱ्हाईक वळलं नाही. आता तेच काम उंच टपाच्या सहा-सात सीटर गाड्या करतात. शोरूममध्ये गेलं की सेल्समन विचारतो, टर्बो दाखवू की साधं इंजिन? आणि सगळे सीसी विचारायला लागतात.

सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांत पिस्टन वर-खाली होताना जेवढी जागा मोकळी होते तेवढी. ते भांड्याचं माप झालं. त्या भांड्यात हवा किती वजनाची भरली, हे सीसी सांगत नाही, आणि ताकद ठरते ती त्या वजनावर. पेट्रोलचं नीट ज्वलन व्हायला १ ग्रॅम पेट्रोलमागे सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल हवं तेवढं टाकता येतं, त्याला एक पंप पुरतो. अडतं ते हवेपाशी.

हिशेब करू. चार स्ट्रोकचं इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं. म्हणजे १.२ लिटरचं इंजिन २००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्यांवर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना, मिनिटाला जास्तीत जास्त १२०० लिटर हवा ओढणार. समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात एक लिटर हवेचं वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास भरतं. नवतपात, पारा ४५ वर असताना, ते १.१ ग्रॅमवर येतं. म्हणजे मे महिन्यात आपल्या गाडीचं इंजिन काही न बिघडता नऊ-दहा टक्के लहान झालेलं असतं. चिखलदऱ्याला गेलात तर साधारण ११०० मीटर उंचीवर हवेचा दाब आणखी बारा टक्क्यांनी उतरतो. वरून एसी चालू. घाटात गाडी “ओढत नाही” ही तक्रार मेकॅनिककडे नेण्याआधी हा हिशेब पाहावा.

आता यावर दोन उपाय. एक तर भांडंच मोठं घ्या, जास्त सीसीचं इंजिन. नाहीतर त्याच भांड्यात हवा दाबून भरा. दुसऱ्या उपायाचं नाव टर्बो. मारुतीच्या फ्रॉन्क्समध्ये दोन्ही शेजारी शेजारी बघायला मिळतात: साधं ११९७ सीसीचं इंजिन ११३ न्यूटन-मीटर टॉर्क देतं आणि तोही ४४०० आरपीएमला, टर्बोचं ९९८ सीसीचं इंजिन देतं सुमारे १४८, आणि २००० पासून ४५०० पर्यंत तेवढाच. टॉर्क म्हणजे चाक पिळण्याचा जोर. सीसी कमी, जोर जास्त. अमेरिकेत सुबारूने आपल्या आउटबॅक या वॅगनमधलं ३.६ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन काढून २०२० च्या मॉडेलमध्ये २.४ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो बसवलं. हॉर्सपॉवर २५६ ची २६० झाली, म्हणजे जवळजवळ तिथेच राहिली. टॉर्क मात्र ३३५ न्यूटन-मीटरवरून ३७६ वर गेला.

हवा दाबायला ताकद लागते, ती कुठून आणायची? पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश सायलेन्सरमधून वाया जाते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये पेटंट घेतलं ते याच वाया जाणाऱ्या वायूवर पंखा फिरवायच्या कल्पनेचं. एका दांड्याच्या एका टोकाला टर्बाइन, ते धुराच्या झोतावर फिरतं. दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर, तो इंजिनाकडे हवा रेटतो. एवढंच यंत्र. पण या दांड्यावर माझा फार जीव आहे, म्हणून जरा थांबतो.

छोट्या गाडीच्या टर्बोचं चाक जेमतेम चार सेंटिमीटर व्यासाचं असतं आणि ते मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातं. सेकंदाला तीन हजारांवर फेऱ्या. चाकाच्या कडेचा वेग काढा: सेकंदाला सुमारे ४२० मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा जास्त. त्या कडेवरच्या एक ग्रॅम धातूला बाहेर ओढणारा जोर निघतो जवळपास नऊ क्विंटल वजनाएवढा. एक ग्रॅम, नऊ क्विंटल! आणि टर्बाइनच्या बाजूला हे सगळं पेट्रोल गाडीत साडेनऊशे अंशांच्या आसपासच्या धुरात चाललेलं असतं. म्हणून तिकडचं चाक निकेलच्या मिश्रधातूचं आणि गार बाजूचं ॲल्युमिनियमचं.

हा दांडा सहा-सात मिलिमीटर जाडीचा. बहुतेक गाड्यांत त्याला बॉल-बेअरिंग नसतं. तो ऑइलवर तरंगतो, अगदी शब्दशः. दांड्याभोवती एक सैल बुश, म्हणजे नळीसारखी कडी, दांडा आणि बुश यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश जाडीचा ऑइलचा थर, बुश आणि बाहेरचं घर यांच्यात दुसरा थर. दांडा फिरू लागला की ऑइलला आपल्यासोबत ओढतो; ते निमुळत्या फटीत शिरतं, तिथे दाब तयार होतो आणि तो दाब दांड्याला उचलून धरतो. धातूला धातू लागतच नाही. बुशही स्वतः फिरतो, दांड्यापेक्षा हळू, म्हणजे एकूण वेग दोन थरांत वाटला जातो. आणखी एक बारकावा आहे. कोणतंही चाक शंभर टक्के समतोल बनत नाही, त्याचा वजनाचा मध्य भूमितीच्या मध्यापासून किंचित सरकलेला असतोच. एका ठरावीक वेगाच्या वर गेल्यावर दांडा भूमितीचा मध्य सोडून वजनाच्या मध्याभोवती फिरायला लागतो. ऑइलचा थर त्याला तेवढी मोकळीक देतो आणि थरथर स्वतःत जिरवतो. घट्ट बसवलेल्या बेअरिंगला ही थरथर थेट सोसावी लागली असती.

म्हणजे टर्बोचं आयुष्य ऑइलच्या हातात आहे. ओळखीच्या मेकॅनिककडे एक बसलेला टर्बो मी उघडलेला पाहिला. कॉम्प्रेसरच्या पात्या टोकाशी चावल्यासारख्या झालेल्या. दांडा बेअरिंगच्या जागी निळसर पडलेला, तापल्याची खूण. आणि ऑइल आत आणणाऱ्या बारीक नळीच्या बोल्टाच्या भोकात काळा, कडक कोळसा. त्या भोकातून सुईसुद्धा गेली नसती. ऑइल बदलायची तारीख दोनदा टळली होती, एवढंच मालकाने सांगितलं. दुसरं कारण म्हणजे घाट चढून आल्याबरोबर चावी फिरवून इंजिन बंद करणं. ऑइल थांबतं, पण पलीकडचं टर्बाइनचं लालबुंद घर तापलेलंच असतं. ती उष्णता दांड्यावाटे बेअरिंगपर्यंत येते आणि तिथे थांबलेलं ऑइल जळतं. पेट्रोल टर्बोत यासाठी बेअरिंगभोवती कूलंटचे मार्ग असतात, काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही छोटा पंप पाणी फिरवत राहतो. तरी जोरात आल्यावर मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवायला पैसे पडत नाहीत. पेट्रोल टर्बोचा धूर डिझेलपेक्षा दीड-दोनशे अंशांनी जास्त गरम असतो. बोलेरोवाल्या भाऊचा अनुभव आणि पेट्रोल टर्बोचा अनुभव वेगळा पडतो तो इथे.

हवा दाबली की ती तापते, सायकलचा पंप मारणाऱ्याला हे ठाऊक आहे. किती तापते? आदर्श स्थितीत तापमानाचं गुणोत्तर म्हणजे दाबाच्या गुणोत्तराचा ०.२८६ वा घात, तापमान केल्विनमध्ये. बाहेर ४५ अंश म्हणजे ३१८ केल्विन, दाब १.८ पट केला तर वाढ ५८ अंश. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर प्रत्यक्षात ८३ अंश. म्हणजे इंजिनाकडे जाणारी हवा १२८ अंशांची! गरम हवा विरळ असते, म्हणून दाब १.८ पट करूनही वजन वाढतं फक्त १.४३ पट. मध्ये इंटरकूलर, म्हणजे हवेचा रेडिएटर, लावून ती ६५ अंशांवर आणली की वजन १.६९ पट होतं. हा घातांकाचा भाग डोक्यावरून गेला असेल तर सोडून द्या. लक्षात ठेवायचं ते हे की इंटरकूलर हवेला बाहेरच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. पुण्याच्या डिसेंबरात जे टर्बो इंजिन उड्या मारतं तेच अकोल्याच्या मे महिन्यात जरा दमानं चालतं. ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याआधीच उरलेलं गरम, दाबलेलं मिश्रण आपोआप पेटायचा धोका असतो, त्याला नॉकिंग म्हणतात. ते टाळायला गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी उशिरा देतो आणि टर्बोचा दाब उतरवतो. १९६२ मध्ये अमेरिकेत आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये याच नॉकिंगसाठी पाणी आणि मिथेनॉलची वेगळी टाकी होती. लोक ती भरायला विसरायचे.

तरी उंचीवर टर्बोच भारी पडतो. चिखलदऱ्याला हवा विरळ झाली की चाक जरा जास्त फिरवून तो दाब भरून काढतो. साध्या इंजिनाला ती सोय नाही.

जाता जाता एका भंपकपणाबद्दल. ऑनलाइन हजार-पाचशेत “इलेक्ट्रिक टर्बो” मिळतो, म्हणजे हवेच्या पाइपात बसवायचा प्लास्टिकचा पंखा. वरचे आकडे घेऊन एक लिटरच्या इंजिनाचा, ५००० आरपीएमला, कॉम्प्रेसर किती ताकद खातो ते काढलं तर उत्तर येतं साडेपाच किलोवॅट, म्हणजे सात-साडेसात एचपी. विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटारीपेक्षा जास्त ताकद मुठीएवढ्या यंत्रात, तीही फुकटच्या धुरावर. बारा व्होल्टच्या बॅटरीतून तेवढी घ्यायची तर साडेचारशेच्या वर अँपिअर लागतील. त्या पंख्याची वायर किती जाड आहे ते बघा. पेट्रोलच्या नळीला बांधायची चुंबकं याच पंगतीतली. पेट्रोलवर चुंबकाचा असा काही परिणाम होत नाही. बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्याला हसणारे शिकलेले लोक ही चुंबकं विकत घेतात.

ॲव्हरेजचं काय? लहान टर्बो इंजिन हळू चालवताना खरंच कमी पितं, कारण मोठ्या इंजिनाला अर्धवट बंद झडपेतून हवा ओढण्यात जी ताकद घालवावी लागते ती इथे वाचते. कंपनीचे आकडे याच चालीचे. पण समृद्धीवर सहा माणसं, टपावर सामान आणि १२० चा काटा अशी गाडी हाणली की टर्बो सतत दाबाखाली राहतो. अनेक इंजिनं अशा वेळी धूर गार ठेवायला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल टाकतात. मग छोट्या इंजिनाचा फायदा आटतो.

कंपन्यांचा टर्बोवर एवढा जीव का, याचं उत्तर निम्मं कायद्यात आहे. १८ टक्के जीएसटी मिळायला गाडी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत लागतं. बाहेर गेलं की ४० टक्के. कायदा भांडं मोजतो, हवा मोजत नाही. म्हणून ११९९ सीसीत टर्बो घालून दीड लिटरचं काम काढलं जातं.

माझं मत सरळ आहे. गाडी रोज घर ते वावर चार-पाच किलोमीटर जाणार, तेही पांदणीच्या फुफाट्यातून, ऑइल धड तापत नाही तोच इंजिन बंद होणार आणि सर्व्हिसिंग सोयाबीन विकल्यावर होणार असेल, तर मोठं साधं इंजिन घ्या, कर जास्त पडला तरी. तिथे टर्बो काम करण्याइतका फिरतच नाही, आणि फिल्टरमधून निसटलेला मातीचा कण ४२० मीटरच्या वेगाने फिरणाऱ्या पातीवर काय करत असेल ते सांगायला नको. आठवड्याला नागपूर, भरलेली गाडी, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कापसाचे ट्रक ओलांडणं, मधूनच मेळघाट, असं असेल तर टर्बो. २००० आरपीएमलाच मिळणारा जोर ओव्हरटेकच्या वेळी गिअर बदलायला लावत नाही. १५०० च्या खाली मात्र तो क्षणभर झोपलेला असतो, हे टेस्ट ड्राइव्हलाच पाहून घ्या; रिकाम्या गाडीत नको, घरच्यांना बसवून, एसी लावून, दुपारी.

आणि जुनी टर्बो गाडी घेत असाल तर इंजिन पूर्ण गार असताना मेकॅनिककडून हवेचा पाइप काढून घ्या आणि दांड्याचं टोक बोटांत धरा. आडवा किंचित हलला तर घाबरू नका, तिथे ऑइलच्या थराची जागा आहे. पण पाती भिंतीला घासता कामा नये, आणि दांडा आत-बाहेर सरकताना बोटाला जाणवला तर किंमत पाडून मागू नका, गाडीच सोडा.