परदेशी जोडीदाराशी कोल्हापुरात लग्न: नोटीस, व्हिसा आणि कागदपत्रं

मुलगी राजारामपुरीची आणि मुलगा कॅनडाचा, असं लग्न ठरलं की घरात पहिली धावपळ होते ती हॉलसाठी. हॉल थांबू शकतो. विवाह अधिकाऱ्याकडे, म्हणजे कायदेशीर लग्न लावणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, लग्नाची नोटीस कधी देता येईल ते आधी ठरवा आणि मुहूर्त त्यानंतर काढा.

दोघांपैकी एक जण हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख नसेल, तर सप्तपदी आणि अक्षता होऊनही हिंदू विवाह कायदा, 1955 खाली ते लग्न टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये एका हिंदू-ख्रिस्ती जोडप्याच्या प्रकरणात हेच सांगितलं. ‘धर्म बदलून घेऊ की’ म्हणणारे एखादे काका प्रत्येक घरात असतात. त्यांच्या बाजूने जुना दाखलाही आहे: 1928 साली इंदूरच्या तुकोजीराव होळकरांशी लग्न करण्याआधी अमेरिकेच्या नॅन्सी मिलर यांचं शुद्धीकरण करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी केलं होतं. पण निव्वळ कागदासाठी आज या वाटेला जाऊ नये, असं माझं मत. विशेष विवाह कायदा, 1954 मध्ये धर्माची अटच नाही.

त्यातल्या अटी मोजक्या. मुलगा 21 वर्षांचा, मुलगी 18 वर्षांची, दोघांचाही आधीचा जोडीदार हयात नसावा (घटस्फोट झाला असेल तर चालतं), निषिद्ध नातं नसावं आणि संमती देण्याइतकं मानसिक स्वास्थ्य असावं. दोघांपैकी किमान एक जण नोटिशीच्या आधी सलग 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. मुलगी कोल्हापुरातच राहत असेल तर ही अट तिच्यावर भागते. ती पुण्यात नोकरीला असेल, तर आधार कार्डावर घरचा पत्ता आहे म्हणून भागलं असं समजू नका.

नोटीस कार्यालयातल्या फलकावर लागते आणि 30 दिवस हरकतींसाठी जातात. ओळख काढून हे दिवस कमी होत नाहीत. दुसरी कड अशी, की नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती नोटीस बाद होते. समजा 3 नोव्हेंबरला नोटीस दिली, तर 3 डिसेंबरनंतर सह्या होतील आणि फेब्रुवारी लागताच मुदत संपेल. सह्यांच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात.

आधीच धार्मिक विधी करून बसलेल्यांना याच कायद्याच्या कलम 15 खाली नोंदणी करता येते. मात्र तिथे दोघांचंही वय 21 पूर्ण हवं, आणि 30 दिवसांची जाहीर नोटीस तिथेही चुकत नाही.

आता परदेशी जोडीदाराची फाईल. पासपोर्ट, व्हिसा, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो हे सहज जमतं. अडतं ते अविवाहित असल्याच्या कागदावर. काही देश तसं प्रमाणपत्र देतात. अमेरिकेत ते देणारं केंद्रीय खातं नाही, त्यामुळे शपथपत्र करावं लागतं. घटस्फोटितांना अंतिम हुकूमनामा लागतो, विधुर-विधवांना मृत्यूचा दाखला. तिकडचे कागद तिकडूनच अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) करून आणायचे. कॅनडात ही सोय 11 जानेवारी 2024 पासून झाली आहे. कागद इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर सोबत ठेवा. कोणता कागद कोणत्या नमुन्यात चालेल, हे तिकीट काढण्याआधी इथल्या विवाह अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून विचारून घ्या.

लग्नासाठी वेगळा व्हिसा नसतो, पर्यटक व्हिसावर लग्न करता येतं. पण 30 दिवसांचा ई-व्हिसा काढून आलात तर नोटिशीतच तो संपेल; एक वर्षाचा घ्या. ई-व्हिसावर उतरायचं ते मुंबई, पुणे किंवा गोव्याला. पाहुणा घरी उतरला तरी 24 तासांत त्याची ऑनलाईन माहिती द्यावी लागते. ‘सी फॉर्म’ नावाने ओळखलं जाणारं हे काम फक्त लॉजवाल्यांचं नाही, यजमानाचंही आहे. नेपाळी नागरिकांना व्हिसा लागत नाही.

लग्नानंतर इथेच राहायचं असेल तर पर्यटक व्हिसा बदलून एक्स-2 हा प्रवेश व्हिसा मागता येतो. अर्ज ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाईन होतो. चौकशी किंवा नोंदणीसाठी कसबा बावडा रस्त्यावरच्या पोलीस अधीक्षक कार्यालयाशी संबंध येऊ शकतो. एक्स-2 म्हणजे नोकरीचा परवाना नव्हे. नोंदणीकृत लग्नाला सलग दोन वर्षं झाली की ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणारं ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड) अर्ज करता येतो. अर्जदार किंवा त्याचे आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा यांपैकी कुणी कधी पाकिस्तान वा बांगलादेशचं नागरिक असेल, तर ओसीआय मिळत नाही. लग्न मोडलं तर कार्डही रद्द होऊ शकतं. नागरिकत्वासाठी सात वर्षांच्या वास्तव्याची अट आहे.

तिकडे जाणाऱ्यांचे नियम त्या त्या देशाचे. ब्रिटनमध्ये 11 एप्रिल 2024 पासून जोडीदाराला बोलावण्यासाठी वर्षाला 29,000 पौंड उत्पन्न दाखवावं लागतं. जर्मनीसाठी साधारणपणे ए-1 पातळीची जर्मन यावी लागते, म्हणजे पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनाची वाट.

या सगळ्यासाठी विवाह प्रमाणपत्रच दाखवायचं असतं, म्हणून छापण्याआधी कच्ची प्रत मागा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं. परदेशी पासपोर्टवर दोन नावं एकत्र असतात किंवा मधलं नावच नसतं. तो रकाना भरायचा म्हणून सासऱ्याचं नाव मध्ये घातलं, की पासपोर्टशी मेळ बसत नाही आणि पुढचा प्रत्येक अर्ज अडतो. दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा, मगच सही करा.