एमएच३७०: जिथे शोधून झालं, तिथेच पुन्हा?

मलेशियाच्या वाहतूक मंत्रालयाने ३ डिसेंबर २०२५ रोजी जाहीर केलं की एमएच३७० विमानाचा शोध ३० डिसेंबरपासून पुन्हा सुरू होईल. समुद्र साथ देईल तसा, थांबत थांबत, एकूण ५५ दिवस. काम ओशन इन्फिनिटी या कंपनीकडेच, आणि बोलीही तीच: अवशेष सापडले तर ७ कोटी डॉलर, नाही सापडले तर दमडीही नाही. तोवर विमान नाहीसं होऊन पावणेबारा वर्षं होत आली होती. एवढा समुद्र धुंडाळून झाला, आता काय हाती लागणार, असं बहुतेकांच्या मनात आलं असेल. मला मात्र यातला गणिताचा भाग नेहमीच जास्त रंजक वाटत आलाय. शोधूनही न सापडणं ही मोजता येण्याजोगी माहिती असते, आणि पुढचा शोध कुठे घ्यायचा हे त्या माहितीवरच ठरतं.

आधी घटनाक्रम थोडक्यात. ८ मार्च २०१४ च्या मध्यरात्रीनंतर २३९ माणसांना घेऊन बोइंग ७७७ क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालं. त्यात पाच भारतीय नागरिकही होते. १ वाजून १९ मिनिटांनी वैमानिकाचं शेवटचं बोलणं झालं आणि दोनच मिनिटांत विमान नागरी रडारवरून गेलं. लष्करी रडारच्या नोंदींत ते उलट वळून मलय द्वीपकल्प ओलांडताना आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वायव्येला जाताना दिसतं. २ वाजून २२ मिनिटांनी तेही संपतं.

तिथून पुढचे सहा तास आपल्याला कळले ते एका जुन्या दळणवळण उपग्रहामुळे. हिंदी महासागराच्या डोक्यावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेला इन्मारसॅटचा हा उपग्रह विमानं शोधण्यासाठी सोडलेलाच नव्हता. त्याच्यामार्फत पर्थचं भूकेंद्र विमानातल्या यंत्राला अधूनमधून ‘आहेस का?’ असं विचारायचं आणि यंत्र ‘आहे’ म्हणायचं. तासभर काहीच हालचाल नसेल तरच हा प्रश्न जायचा. या जाबसालात विमान कुठे आहे याचा उल्लेख नव्हता, पण उत्तर यायला किती वेळ लागला याची नोंद राहिली. त्या वेळेवरून विमान उपग्रहापासून किती दूर होतं ते निघतं, आणि उपग्रहापासून तितक्याच अंतरावर असलेल्या सगळ्या जागा जोडल्या की पृथ्वीवर एक वर्तुळ उमटतं. विमानाच्या आवाक्यातला त्याचा तुकडा म्हणजे कंस. २.२५, ३.४१, ४.४१, ५.४१, ६.४१, ८.११ आणि ८.१९ अशा वेळांचे सात कंस मिळाले. या सात वेळांमधली अंतरं बघा: ६.४१ नंतर पुढचा कंस थेट ८.११ चा आहे. कारण ७.१३ ला जमिनीवरून विमानाला फोन लावला गेला, तो कुणी उचलला नाही, पण त्यामुळे तासाचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू झालं.

कंसावर उत्तरेला की दक्षिणेला? हे उपग्रहाच्या म्हातारपणामुळे सुटलं. अँब्युलन्स जवळ येताना सायरन चढा आणि लांब जाताना उतरता ऐकू येतो, तशीच विमानाच्या गतीने रेडिओ लहरींची वारंवारिताही बदलते. विमानातलं यंत्र हा फरक आपणच दुरुस्त करून संदेश पाठवायचं. ती दुरुस्ती करताना उपग्रह विषुववृत्तावर एका जागी स्थिर आहे असं ते गृहीत धरायचं. प्रत्यक्षात इंधन वाचवत दिवस काढणारा हा उपग्रह रोज थोडा उत्तर-दक्षिण झुलत होता. त्यामुळे दुरुस्तीत काही हर्ट्‌झची चूक उरायची, आणि ती चूक विमान उत्तरेला चाललंय की दक्षिणेला यावर अवलंबून होती. उपग्रह शिस्तीत एका जागी उभा असता तर हा धागा हाती लागलाच नसता. आकडे दक्षिणेशी जुळले, आणि २४ मार्च २०१४ ला मलेशियाच्या पंतप्रधानांनी विमान दक्षिण हिंदी महासागरात संपल्याचं सांगितलं.

सातवा कंस वेगळा आहे. ८.१९ ला भूकेंद्राने काही विचारलंच नव्हतं, विमानातल्या यंत्रानेच नव्याने जोडणी मागितली. वीज जाऊन परत आली की ते असं करतं. इंधन संपून इंजिनं बंद पडली आणि शेपटीतलं छोटं साहाय्यक इंजिन क्षणभर चालू झालं, ही त्याची सर्वांत सरळ फोड. त्या वेळी आठ सेकंदांच्या अंतराने दोन संदेश आले. त्यांच्या वारंवारितेवरून विमान मिनिटाला हजारो फुटांनी खाली येत होतं, आणि तो वेगही वाढत होता, असं दिसतं.

कंस असा काढता आला तरी तो हजारो किलोमीटर लांबीचा आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना किती रुंद पट्टा शोधायचा हे शेवटच्या मिनिटांत सुकाणूवर कुणी होतं की नव्हतं यावर अवलंबून. ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली २०१४ ते जानेवारी २०१७ या काळात १,२०,००० चौरस किलोमीटर तळ पाहिला गेला. खर्च सुमारे २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. त्यासाठी आधी समुद्रतळाचा ढोबळ नकाशा करावा लागला, कारण तिथले डोंगर नि दऱ्या कुणाला नीट माहीतच नव्हत्या. मग जहाजामागे किलोमीटरोगणती लांब केबलला सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी तळ पाहणारं यंत्र, बांधून ते तळापासून शंभर-दीडशे मीटरवरून ओढत न्यायचं, चार किलोमीटर खोलीवर, आणि जहाजाचा वेग माणूस चालतो त्याच्या आसपास. विमान मिळालं नाही. एकोणिसाव्या शतकातली बुडालेली जहाजं मात्र मिळाली! २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटीने केबल सोडून दिली आणि स्वतःहून फिरणारी आठ पाणबुडी यानं एकदम खाली धाडली. काही महिन्यांत १,१२,००० चौरस किलोमीटरहून जास्त तळ पाहून झाला. तरी नाहीच.

आता त्या गणिताकडे. समजा, विमान एका आखलेल्या पट्ट्यात असण्याची शक्यता ८० टक्के आहे असं आपण मानलं, आणि विमान तिथे असेल तर आपल्या सोनारला ते दिसण्याची शक्यता ९० टक्के आहे. पट्टा पाहून झाला, काही दिसलं नाही. अशा १०० प्रसंगांचा विचार करा. ८० प्रसंगांत विमान आत असणार, त्यातल्या ७२ वेळा ते दिसलं असतं, ८ वेळा निसटलं असतं. २० प्रसंगांत ते बाहेरच. आपल्याला दिसलं नाही, म्हणजे ते ७२ प्रसंग बाद. उरले २८, त्यातले ८ आतले. आत असण्याची शक्यता ८० वरून साधारण २९ टक्क्यांवर आली. बाहेर शोधायला निघणं शहाणपणाचं.

पण सोनार ९० ऐवजी ७० टक्केच भरवशाचा असेल तर? मग निसटण्याचे प्रसंग २४, बाहेरचे २०. विमान अजूनही आत असण्याचीच शक्यता जास्त, ५५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शोधून झालेल्या पट्ट्यातच पुन्हा जावं! सगळा निकाल ‘आपण किती नीट पाहिलं’ या एका आकड्यावर फिरतो. आणि तो आकडा सगळीकडे सारखा नसतो. सपाट गाळावर विमानाचे तुकडे सोनारच्या चित्रात चटकन उठून दिसतात. कड्याच्या आडोशाला, जिथे ध्वनिलहरी पोचतच नाहीत, तिथे काळी सावली पडते आणि त्या सावलीत काय आहे ते कुणीच पाहिलेलं नसतं. या भागात डायमंटिना कड्यासारखे प्रचंड उतार आहेत.

हे नुसतं कागदावरचं नाही. १ जून २००९ ला एअर फ्रान्स ४४७ अटलांटिकमध्ये कोसळलं तेव्हा त्याची शेवटची जागा नीट ठाऊक होती. तरी दोन वर्षं अवशेष मिळेनात. ब्लॅक बॉक्सला बांधलेले ध्वनिदीप साधारण ३० दिवस टिकटिकतात. त्या मुदतीत जहाजांनी कान लावून तो भाग पालथा घातला होता, काही ऐकू आलं नव्हतं, म्हणून तो भाग जवळपास बाद धरला गेला. २०११ मध्ये अमेरिकेतल्या मेट्रॉन या संस्थेच्या गणितज्ञांनी सगळी मांडणी नव्याने केली आणि दोन्ही दीप बंद पडले असतील ही शक्यताही हिशोबात घेतली. नकाशावरचा सर्वांत गडद डाग पुन्हा शेवटच्या जागेशेजारी आला. तिथे शोध सुरू झाला आणि आठवडाभरात, ३ एप्रिलला, ३,९०० मीटर खोलीवर विमान सापडलं. शेवटच्या नोंदीपासून जेमतेम बारा किलोमीटरवर.

आपल्या घरचंही उदाहरण आहे. हवाई दलाचं एएन-३२ विमान २२ जुलै २०१६ ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना २९ जणांसह बंगालच्या उपसागरात नाहीसं झालं. तेव्हाच्या मोठ्या शोधात काहीच मिळालं नाही. साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित यानाने चेन्नईपासून सुमारे १४० सागरी मैलांवर ३,४०० मीटर खोलीवर टिपलेल्या चित्रांत एएन-३२ चे अवशेष ओळखू आले. मधल्या काळात विमान हललेलं नव्हतं. पाहणारं यंत्र सुधारलं होतं.

एमएच३७० बाबत आणखी एक साक्षीदार आहे, तो म्हणजे वाहून आलेले तुकडे. पहिला, उजव्या पंखाचा फ्लॅपेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग), २९ जुलै २०१५ ला रियुनियन बेटावर मिळाला. पुढे टांझानिया नि मॉरिशसच्या किनाऱ्यांवर मिळालेले पंखाचे तुकडेही याच विमानाचे ठरले. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेने खरा फ्लॅपेरॉन आणून, मिळालेल्या तुकड्यासारखा कापून समुद्रात सोडून पाहिला. आधी केलेल्या नकला वाऱ्याच्या दिशेने जायच्या. खरा तुकडा मात्र जास्त वेगाने आणि वाऱ्याच्या डाव्या हाताला सुमारे २० अंश सरकून चालला. एवढ्या बदलाने रियुनियनला पोचण्याच्या तारखा ३५ अंश दक्षिणेच्या आसपासच्या सुरुवातीशी छान जुळू लागल्या. इथेही न मिळालेल्या गोष्टी बोलतात: विमान फार दक्षिणेला पडलं असतं तर पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर काहीतरी लागायला हवं होतं, ते लागलं नाही.

हौशी रेडिओवाल्यांच्या संदेशांच्या जुन्या नोंदींतून विमानाचा मार्ग काढल्याचा दावा समाजमाध्यमांवर बराच फिरतो. मला तो पटत नाही. ती पद्धत ज्यांनी तयार केली त्या नोबेल विजेत्या जोसेफ टेलर यांनाही तो पटलेला नाही.

नव्या मोहिमेचं क्षेत्र १५,००० चौरस किलोमीटर आहे, आधीच्या दोन्हींच्या मानाने चिमूटभर. नेमकी चौकट जाहीर केलेली नाही. पण एवढ्या लहान आकड्याचा अर्थ मला तरी एकच लागतो: सरसकट पट्टा झोडपण्यापेक्षा राहिलेल्या फटी, सावल्या आणि कडा गाठायच्या. कामाला हंगामही आखूडच मिळतो. २०२५ च्या सुरुवातीलाही जहाज गेलं होतं, एप्रिलमध्ये मोसम संपला म्हणून थांबावं लागलं. दक्षिण गोलार्धातला हिवाळा तिथे कुणाला उभं राहू देत नाही.

आणि सापडलंच तर? एअर फ्रान्सचे रेकॉर्डर दोन वर्षं पाण्याखाली राहूनही वाचता आले होते. इथे बाराएक वर्षांचा प्रश्न आहे, आणि अडचण नुसत्या गंजाची नाही. या विमानातला आवाजाचा रेकॉर्डर शेवटचे दोनच तास जपतो, जुन्यावर नवं टेप होत जातं. विमान वळलं ते शेवटच्या कंसाच्या सुमारे सात तास आधी. म्हणजे रेकॉर्डर अखेरपर्यंत चालू राहिला असेल तर त्या वळणाच्या वेळी कॉकपिटमध्ये काय बोललं गेलं ते पुसलं गेलेलं असणार. उड्डाणाच्या तपशिलांचा रेकॉर्डर मात्र २५ तासांचा असतो. दिशा, उंची, इंजिनं, ऑटोपायलट यांच्या त्या रात्रीच्या नोंदी, रेकॉर्डरची वीज तोडली गेली नसेल तर, संपूर्ण उड्डाणाच्या असायला हव्यात.