मातीचे वर्णपटमापन (खानदेश)

मातीच्या नमुन्यावर प्रकाश टाकायचा, कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत येतो ते मोजायचे आणि त्यावरून मातीतील घटकांचे प्रमाण काढायचे, अशी ही पद्धत आहे. तिच्यात तीन पट्टे वापरतात : दृश्य प्रकाश (४०० ते ७०० नॅनोमीटर), निकट अवरक्त (७०० ते २,५०० नॅनोमीटर) आणि मध्य अवरक्त (२,५०० ते २५,००० नॅनोमीटर). पहिल्या दोन पट्ट्यांसाठी एकच उपकरण पुरते आणि ते शेतात नेता येते. मध्य अवरक्ताचे काम मुख्यतः प्रयोगशाळेतच चालते.

रंगावरून जमीन जोखणे शेतकऱ्याला नवे नाही. काळी, बरड, मुरमाड, मळईची, चोपण ही नावे बहुतांशी डोळ्यांनी आणि हातांनीच ठरलेली आहेत. उपकरणही तसेच पाहते, फक्त डोळ्याला न दिसणाऱ्या भागातही पाहते. खानदेशात हा न दिसणारा भागच अधिक कामाचा आहे, कारण दिसणारा रंग इथे फसवतो.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांची बहुतेक माती दख्खनच्या बसाल्ट खडकापासून झाली आहे. सातपुड्याच्या आणि सातमाळा-अजिंठ्याच्या उतारांवर ती उथळ व मुरमाड आहे, तर तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठी गाळ साचून खोल झाली आहे. रावेर-यावलचा केळीचा पट्टा अशाच तापीकाठच्या खोल गाळावर आहे. भारी काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातील चिकण खनिजांचा भरणा असतो. ही खनिजे पाणी शोषून फुगतात आणि सुकली की आकसतात. वैशाखात कोरडवाहू रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच.

माती जितकी काळी तितका तिच्यात सेंद्रिय कर्ब जास्त, हा नियम जगभर बऱ्याच ठिकाणी लागू पडतो. ह्यूमस, म्हणजे कुजून झालेला सेंद्रिय पदार्थ, दृश्य प्रकाश शोषतो, त्यामुळे परावर्तन घटते. खानदेशच्या काळ्या मातीत मात्र सेंद्रिय कर्ब पुष्कळदा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतो. तिचा काळेपणा थोड्याशा ह्यूमसच्या चिकणमातीशी झालेल्या घट्ट संयोगामुळे येतो आणि बसाल्टमधून आलेले टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट हे काळे लोह खनिज त्यात भर घालते. तेव्हा केवळ दृश्य पट्ट्यावर, म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेल्या रंगावर, कर्ब सांगणाऱ्या युक्त्यांवर इथे फार विसंबू नये.

अवरक्त भागात कथा बदलते. रेणूंमधले बंध ठरावीक वारंवारतेने कंप पावतात आणि तेवढाच प्रकाश शोषून घेतात. मूळ कंपने मध्य अवरक्तात स्पष्ट दिसतात, तर निकट अवरक्तात त्यांचे क्षीण, एकमेकांत मिसळलेले पडसाद उमटतात. परावर्तनाच्या आलेखात, म्हणजे वर्णपटात, १,४०० आणि १,९०० नॅनोमीटरजवळच्या खळग्यांत पाण्याची खूण असते, २,२०० जवळ चिकण खनिजांतील ॲल्युमिनियम-हायड्रॉक्सिल बंधाची आणि २,३४० च्या आसपास चुनखडीची. लोहाची ऑक्साइडे दृश्य भागात व ९०० नॅनोमीटरच्या आसपास ओळखू येतात. तांबूस बरड जमिनीत ती ठळक असतात. स्मेक्टाइटच्या थरांमध्ये पाणी अडकून राहत असल्याने हवेत वाळवलेल्या काळ्या मातीतही १,९०० चा खळगा खोल असतो. त्यावरून चिकणमातीचे प्रमाण चांगले सांगता येते.

हाच गुण अडचणही करतो. काळी माती हवेतली आर्द्रता ओढून घेते. उन्हाळ्यात मोजलेला नमुना तसाच उघडा ठेवून श्रावणात पुन्हा मोजला, तर वर्णपटाचा वक्र जागेवर राहत नाही. म्हणून सर्व नमुने एकाच तापमानाला वाळवून, झाकून, शक्यतो एकाच बैठकीत मोजतात.

नमुना तयार करायला फारसे काही लागत नाही. माती वाळवायची, ढेकळे फोडायची, २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून काचेच्या बशीत सपाट पसरायची. हॅलोजन दिव्याखाली आधी पांढऱ्या प्रमाण चकतीचे वाचन घ्यायचे, मग मातीचे. दिवा तापत जातो तसा त्याचा प्रकाश सरकतो, म्हणून चकती मधूनमधून पुन्हा दाखवावी लागते. एका वाचनाला मिनिटही लागत नाही. मध्य अवरक्तासाठी मात्र माती पिठासारखी दळावी लागते. खानदेशी नमुन्यांत चाळणीवर चुनखडीचे खडे राहतात आणि ते फेकले जातात. साहजिकच उपकरणाने दाखवलेला चुना बारीक मातीतला असतो, अख्ख्या रानातला नव्हे. खड्यांचे वजन वेगळे नोंदवून ठेवले तर पुढचा घोळ टळतो.

चुन्याचा दुसरा त्रास असा की, निकट अवरक्तात त्याची खूण सेंद्रिय पदार्थाच्या कार्बन-हायड्रोजन बंधाच्या खुणेवर येऊन बसते. मध्य अवरक्तात दोन्ही वेगळ्या दिसतात. चुनखडीच्या जमिनीत लोह पिकाला मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात, म्हणून चुना मोजणे गरजेचे आहेच. कर्बही हवा असेल तर अशा जमिनींसाठी मध्य अवरक्त जास्त भरवशाचे.

वर्णपट हे काही उत्तर नव्हे. काही नमुन्यांचे नेहमीचे रासायनिक पृथक्करण करून वर्णपटाशी त्याची सांगड घालावी लागते. त्यासाठी बहुधा ‘पार्शल लीस्ट स्क्वेअर्स’ ही सांख्यिकी रीत वापरतात. रासायनिक आकडा कच्चा असेल तर या सांगडीतून बनणारे अंदाजाचे सूत्र, म्हणजे प्रारूपही, कच्चेच निघते. सेंद्रिय कर्बासाठी रूढ असलेली वॉकली-ब्लॅक पद्धत १९३४ ची आहे. तिच्यात डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागते आणि क्रोमियमयुक्त सांडपाणी उरते. ते टाळता येणे हा वर्णपटमापनाचा मोठा फायदा आहे, पण काही नमुन्यांपुरते तरी रासायनिक पृथक्करण करावेच लागते.

अवरक्त किरणांचा शोध विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलक आणि तापमापी वापरून लावला. मातीचा ओलावा, सेंद्रिय पदार्थ आणि कणांचा आकार यांचा परावर्तनावरील परिणाम बाॅवर्स व हँक्स यांनी १९६५ मध्ये मांडला. शेफर्ड व वॉल्श यांनी २००२ मध्ये आफ्रिकेतील मातीच्या आधारे वर्णपटांच्या संग्रहाची कल्पना पुढे आणली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक संग्रहात ९२ देशांतील २३,६३१ वर्णपट होते. असा संग्रह कितीही मोठा असला, तरी परक्या मातीवर बसवलेले प्रारूप जामनेरच्या किंवा शिरपूरच्या काळ्या मातीवर जसेच्या तसे चालवू नये. थोडे स्थानिक नमुने त्यात मिसळले की अंदाज बराच सुधारतो.

चिकणमाती, सेंद्रिय कर्ब, चुना आणि ओलावा यांचा अंदाज या पद्धतीने चांगला येतो. सामूचा अंदाज अप्रत्यक्ष असतो. उपलब्ध स्फुरद, पालाश आणि जस्त यांची स्वतःची खूण वर्णपटात नसते. दुसऱ्या घटकांच्या आडून त्यांचा अंदाज बांधावा लागतो आणि तो पुष्कळदा चुकतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात. ते सगळे एका झोतात मोजून देतो असे कोणी म्हणाले, तर खताची मात्रा त्यावर ठरवू नये. मिठाचेही तसेच आहे. साधे मीठ या पट्ट्यांत जवळजवळ अदृश्य असते. कालव्याखाली निचरा नसलेली जमीन खारवट झाली का, हे पाहायला साधा विद्युतवाहकता मापक स्वस्त आणि खात्रीचा.

हेच तत्त्व उपग्रहावरूनही वापरतात. इस्रोचा हायसिस २९ नोव्हेंबर २०१८ रोजी आणि जर्मनीचा एनमॅप १ एप्रिल २०२२ रोजी अवकाशात गेला. वातावरणातील बाष्पामुळे १,४०० आणि १,९०० जवळचे पट्टे वरून मिळत नाहीत, म्हणजे काळ्या मातीची सर्वांत ठळक खूणच हातची जाते. शिवाय माती उघडी असावी लागते. खानदेशात कोरडवाहू रान चैत्र-वैशाखात मोकळे असते आणि आभाळही निरभ्र असते. बागायती पूर्वहंगामी कपाशीची लागवड मेअखेरीस सुरू होते, तेव्हा ती मुदत तिथे आणखी आखूड होते. रावेर-यावलच्या केळीबागांत तर पानांची छत्री महिनोन्‌महिने हटत नाही, त्यामुळे तिथला नमुना फावड्यानेच काढावा लागतो.