जीनोम जोडणी: खरी अडचण पुनरावृत्तीची

कोणतंही यंत्र माणसाचं गुणसूत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाचत नाही. डीएनए वाचण्याच्या सँगर पद्धतीत एका रीडमध्ये, म्हणजे एका वाचनात, डीएनएची (ए, सी, जी, टी) काहीशे अक्षरं मिळतात, त्यामुळे तुकडे संगणकाने जोडणं ओघानेच आलं. केंब्रिजच्या रॉजर स्टेडन यांनी १९७९ मध्ये तुकड्यांच्या कडा जुळवणारे प्रोग्रॅम मांडले. १९८२ मध्ये लॅम्डा विषाणूची ४८,५०२ अक्षरं तुकडे जोडूनच पूर्ण झाली.

किती वाचलं म्हणजे पुरेल, याचं गणित लँडर आणि वॉटरमन यांनी १९८८ मध्ये दिलं. आठपट कव्हरेजला, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी आठ वेळा वाचलं तर, साधारण ०.०३ टक्के अक्षरं सुटतात. आकडा किरकोळ वाटतो, पण माणसाच्या ३ अब्ज अक्षरांच्या जीनोममध्ये (सगळ्या डीएनएमध्ये) ती १० लाख होतात. तेही तुकडे समप्रमाणात पडले तर; जी आणि सी ही अक्षरं जास्त असलेल्या भागांत ते अनेकदा कमी पडतात.

तरी कव्हरेज वाढवता येतं. पुनरावृत्तीला, म्हणजे तोच तुकडा जीनोममध्ये अनेक ठिकाणी येण्याला, तो उपाय चालत नाही. माणसात सुमारे ३०० अक्षरांच्या अलू तुकड्याच्या १० लाखांहून जास्त प्रती आहेत. रीड प्रतीपेक्षा आखूड असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते कळत नाही. मग प्रोग्रॅम दोन प्रतींची एकच करतो किंवा भलतेच शेजारी जोडतो. एक झालेल्या जागी कव्हरेज दुप्पट दिसतं, आणि चूक शोधताना आजही आधी तेच बघतात. १९९५ मध्ये हिमोफिलस जिवाणूची १८,३०,१३७ अक्षरं जोडताना अंदाजे लांबी माहीत असलेल्या तुकड्यांची दोन्ही टोकं वाचली गेली. टोकांमधलं अंतर ठाऊक असल्याने पुनरावृत्ती ओलांडता आली.

पुढे रीड स्वस्त झाले, पण ३०-३५ अक्षरांचे आणि कोट्यवधी. प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना आवाक्याबाहेर गेली. पेव्हझनर, टँग आणि वॉटरमन यांनी २००१ मध्ये सुचवलेली रीत इथे कामी आली: रीडचे के लांबीचे तुकडे (के-मर) पाडायचे, कडा जुळणारे के-मर जोडून त्यांचं जाळं करायचं आणि त्यातून वाट काढायची. २००८ चा व्हेल्व्हेट हा प्रोग्रॅम याच रीतीचा. सगळी मेख के निवडण्यात. लहान ठेवला तर पुनरावृत्तीच्या गाठी पडतात. मोठा घेतला तर प्रत्येक रीडमधून के-मर कमी निघतात आणि वाचनातली एक चूक के इतके के-मर नासवू शकते. के विषम ठेवतात, कारण सम लांबीचा के-मर स्वतःचाच उलट-पूरक (डीएनएच्या समोरच्या धाग्यावर उलट दिशेने वाचलेला क्रम) निघू शकतो. 'एसीजीटी' तसाच आहे.

गाठी सुटल्या त्या हजारो अक्षरांच्या, अचूक रीडमुळे. २०२२ मध्ये माणसाच्या जीनोमचा राहिलेला सुमारे ८ टक्के भाग भरला गेला. त्यासाठी निवडलेल्या पेशींत गुणसूत्रांचे दोन्ही संच जवळजवळ सारखे होते, ही सोय विसरता कामा नये. सर्वसाधारण नमुन्यात आई-वडिलांच्या प्रती वेगळ्या असतात. फरक जास्त असेल तर एकच जागा दोनदा जोडली जाते आणि जीनोम उगाच फुगतो. म्हणून जोडणीआधी के-मर किती वेळा येतात याचा आलेख काढावा. मुख्य शिखराच्या निम्म्या कव्हरेजवर दुसरं शिखर दिसलं तर ते त्या फरकाचं असण्याची शक्यता मोठी.