माडांमागचा किल्ला फिका का रंगवायचा?

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपासून खाली पाहिलं की जवळचे माड काळपट हिरवे दिसतात, पलीकडची झाडी राखाडी, आणि समुद्रातला सुवर्णदुर्ग म्हणजे नुसता एक फिकट पट्टा. जलरंगात हे चित्र काढताना नवखे हात एकाच ठिकाणी फसतात. किल्ला दगडाचा आहे हे माहीत असतं, म्हणून त्याला दगडाचा रंग दिला जातो, आणि तो माडांच्या रांगेत येऊन बसतो.

डोळ्यांना एकटा किल्ला दिसत नाही, मधली हवाही दिसते. किल्ल्याकडून निघालेला प्रकाश वाटेत थोडा विखुरतो; उलट हवेत विखुरलेलं ऊन त्यात मिसळून आपल्यापर्यंत येतं. दूरच्या गडद वस्तूवर उजळ पडदा चढतो तो यामुळे. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरतात, म्हणून कोरड्या, स्वच्छ हवेत लांबचे डोंगर निळे दिसतात. किनाऱ्यावर मात्र फुटणाऱ्या लाटांतून मिठाचे बारीक कण उडत असतात. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की मीठ हवेतलं पाणी ओढून त्यात विरघळतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेच हे. कणाचा असा फुगलेला थेंब सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतो, आणि कोकणातलं दूरचं दृश्य दुधाळ होतं. त्यासाठी मी अल्ट्रामरीन निळ्यात थोडा बर्न्ट सिएना घालून भरपूर पाण्यात करडा बनवते. बर्न्ट सिएनाचा तांबूसपणा लोहाच्या ऑक्साइडचा, जांभ्याचाही तोच. हे कळलं तेव्हापासून जांभ्याचा गडगा रंगवताना फार बरं वाटतं.

हीच दमट हवा कागदावरही काम करते. जूनमध्ये इथे एक वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) वाळायला इतका वेळ घेतो की धीर सुटतो. पण माडाच्या झावळ्या धुक्यात विरघळवायच्या तर हा वेळ म्हणजे देणगीच आहे. कागद चकाकतोय तोवर रंग मोकळा पसरतो. चकाकी नुकतीच मावळली, पण हाताची मागची बाजू लावल्यावर कागद गार लागतो (बाष्पीभवन उष्णता घेऊन जातं), तेव्हा दाट रंगाचा ब्रश टेकवायचा. कडा मऊ राहते आणि आकारही टिकतो. त्याच क्षणी पाण्याने भरलेला ब्रश लागला तर जादा पाणी अर्धवट वाळलेला रंग ढकलत नेतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो.

आणि कागद जपा. चांगल्या जलरंग कागदाला बहुतेक वेळा सरसाचा लेप असतो. रंग लगेच आत शोषला जात नाही तो त्यामुळे. सरस हे बुरशीचं खाणं. दमट कपाटात लेप जागोजागी नासतो, आणि तिथे रंग टीपकागदावर पडल्यासारखा आत जातो. हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवलेला कागद पावसाळा काढतो. माझा एक गठ्ठा मात्र दमट कपाटात नासला. त्यातले कागद मी आता फक्त आषाढातल्या आभाळासाठी वापरते.